बांधकामावरील पहिला दिवस

मुंबई, पुणें, नाशिक अशा शहरांत आज ज्या उंच इमारती उठत आहेत, त्यांवर राबणारे पुष्कळसे हात मूळचे शेतीच्या कामाचे आहेत. पावसानें दगा दिला किंवा गांवांतील काम सरलें, म्हणजे मराठवाडा-विदर्भांतून, त्याचप्रमाणें बिहार, ओडिशा, पश्चिम बंगाल इकडूनहि माणसें शहरांत येतात आणि कोणा ओळखीच्या मुकादमामार्फत बिगारी म्हणून कामावर लागतात. बुजऱ्या बैलाच्या मागून जाऊं नये, कठडा नसलेल्या विहिरीपाशीं रात्रीं फिरकूं नये, हें त्यांस कोणी शिकवावें लागत नाहीं. तें शहाणपण लहानपणींच अंगीं मुरलेलें असतें. परांची, पायाचा खड्डा आणि विजेची तार यांच्या बाबतींत मात्र तीं अगदीं नवखीं असतात. अशा नवख्या माणसास कामाच्या पहिल्या दिवशीं काय सांगावें आणि कसें सांगावें, याचा विचार प्रस्तुत भाषणांत करावयाचा आहे.

नव्या माणसास धोका अधिक, हा केवळ जुन्या मिस्त्र्यांचा समज नव्हे. कॅनडांतील टोरोंटो येथील ‘इन्स्टिट्यूट फॉर वर्क अँड हेल्थ’ या संस्थेच्या अभ्यासांत असें आढळून आलें कीं, वर्षाहून अधिक काळ एका कामावर असलेल्या कामगारापेक्षां पहिल्या महिन्यांतील कामगारास इजा होण्याचा संभव तिपटीहून अधिक असतो. याचें खापर नवख्याच्या निष्काळजीपणावर फोडणें सोपें आहे, पण तें न्यायाचें नाहीं. बहुधा त्यास धोका दिसलेला नसतो. आणि दिसला तरी बोलावयाची भीड वाटते. विचारलें तर मुकादम हंसेल, उद्यां कामावर घेणार नाहीं, ही धास्ती त्याचें तोंड बंद ठेवते.

आतां सांगावयाच्या गोष्टी पाहूं गेल्यास त्या फार नाहींत. पहिली उंचीची. बांधकामावरील मृत्यूंचें प्रमुख कारण उंचावरून पडणें हेंच होय. दोन मीटरांवरून पाय निसटला तर माणूस पाऊण सेकंदाच्या आंत भुईवर येतो. तेवढ्या अवधींत हात पुढें करून कांहीं धरतां येत नाहीं. म्हणून आधार आधींच असावा लागतो. सुरक्षापट्टा नुसता अंगावर बांधून भागत नाहीं. त्याचा हूक हलत्या फळीस न अडकवितां भक्कम आधारास अडकवावा लागतो. शिडी चार हात उंच टेकली, तर तिचा पाय भिंतीपासून एक हात दूर असावा आणि वरचें टोंक बांधलेलें असावें.

दुसरी गोष्ट वरून पडणाऱ्या वस्तूंची. वीस मीटरांवरून, म्हणजे सहा-सात मजल्यांच्या उंचीवरून, सुटलेली वीट खालीं पोंचते तेव्हां तिचा वेग ताशीं ७० किलोमीटरांच्या घरांत गेलेला असतो. डोक्यावरील टोपीचा पट्टा हनुवटीखालीं कां आवळावयाचा, हें या एका आंकड्यावरून कळून येईल.

तिसरी गोष्ट खड्ड्याची. माती मऊ, म्हणून निरुपद्रवी, असें शेतकऱ्यास वाटणें स्वाभाविक आहे. परंतु एक घनमीटर मातीचें वजन सुमारें दीड टन भरतें, आणि छातीपर्यंत माती आली तरी श्वास कोंडतो. कडांस फळ्या व टेकू दिल्यावांचून खोल चरांत उतरूं नये. उपसलेली माती कांठावर रचूं नये. ओल्या सिमेंटचा धोका याहूनहि गुप्त आहे. तें लागतांच चटका बसत नाहीं, पण त्याच्या क्षारानें कांहीं तासांत कातडी भाजून निघते. घमेलीं वाहणाऱ्या स्त्रियांना हें प्रथम सांगितलें पाहिजे.

इतकें असूनहि केवळ साधनें पुरत नाहींत. अमेरिकेंतील सॅन फ्रान्सिस्को येथें १९३३ ते १९३७ या काळांत गोल्डन गेट पूल बांधण्यांत आला. त्या काळीं दर दहा लाख डॉलर खर्चामागें एक मृत्यू हा हिशेब गृहीत धरला जात असे. मुख्य अभियंता जोसेफ स्ट्रॉस यांनीं तो नाकारला. टोप्या सक्तीच्या केल्या आणि पुलाखालीं भलें मोठें जाळें ताणलें. त्या जाळ्यानें १९ माणसें वांचविलीं. पण १७ फेब्रुवारी १९३७ रोजीं एक अवजड मचाण निखळून जाळ्यावर कोसळलें, जाळें फाटलें आणि एकाच दिवशीं दहा कामगार मृत्युमुखीं पडले. पडणाऱ्या माणसास झेलणारें जाळें मचाणाचा भार झेलूं शकलें नाहीं. प्रत्येक साधनास मर्यादा असते, आणि ती ओलांडली जात आहे हें कोणा तरी माणसानेंच पाहावें व बोलावें लागतें.

तेव्हां पहिल्या दिवसाचें शिक्षण म्हणजे कागदावर अंगठा उठविणें नव्हे. तें नवख्याच्या भाषेंत व्हावें. त्यास सर्व जागा फिरवून औषधाची पेटी, विजेचा खटका, बाहेर पडण्याची वाट दाखवावी. रुग्णवाहिकेसाठीं १०८ हा क्रमांक पाठ करून घ्यावा. आणि हूक त्याच्याच हातानें लावून घ्यावा. या अर्ध्या तासाची मजुरी कापूं नये.

कायदाहि त्याच्या बाजूस आहे. भारतांत १९९६ सालीं इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठीं स्वतंत्र कायदा झाला. २०२० सालीं संसदेनें संमत केलेल्या व्यावसायिक सुरक्षिततेच्या संहितेंत, गंभीर धोका दिसल्यास तो मालकाच्या नजरेस आणण्याचा हक्क कामगारास दिला आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८८ च्या करारांत तर अशा जागेपासून दूर होण्याचाहि हक्क मान्य केलेला आहे.

परंतु हा हक्क जगतो किंवा मरतो तो मुकादमाच्या पहिल्या उत्तरांत. नवखा म्हणतो, “दादा, ही फळी हलते आहे.” काम उक्तें असतें, ठेकेदाराची घाई असते, मुकादम खेंकसला, तर सकाळचें सारें शिक्षण पाण्यांत जातें, आणि तो माणूस पुन्हां कधीं बोलत नाहीं. तोच मुकादम दहा मिनिटें काम थांबवून फळी तपासील, तर आसपासचे वीस जण एक अक्षरहि न ऐकतां शिकतात. फळी ठीक निघाली तरी ती दहा मिनिटें वायां गेलीं असें मानूं नये. कारण पुढची फळी खरोखरच सैल असेल, आणि त्या वेळीं बोलणारा माणूस तयार झालेला असेल.