दिवा मैसूरला, चित्रकार सावंतवाडीचा
(गणेशोत्सवातील भाषणाचा मजकूर)



आपल्या जोयडा तालुक्यातून कोणी मैसूरला गेले की जगनमोहन राजवाड्यातले एक चित्र पाहून येते. हातात दिवा घेतलेली बाई. ज्योत जपायला दुसरा हात आडवा धरलेला आणि त्या बोटांतून लालसर उजेड झिरपतो आहे. परत आल्यावर माणसे सांगतात, "रविवर्म्याचे चित्र पाहिले." रविवर्मा थोरच, त्यांची चित्रेही तिथेच आहेत, म्हणून घोटाळा होतो. पण ते १९०६ साली वारले. दिव्याचे चित्र त्यानंतरचे आहे. ते काढले आपल्या शेजारच्या, गोव्यापलीकडच्या सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांनी.

हळदणकरांचा जन्म १८८२ सालचा. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकून त्यांनी १९०८ मध्ये स्वतःची चित्रशाळा काढली. आर्ट सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९१८ साली उभी राहिली, तिच्या संस्थापकांत ते होते. व्यक्तिचित्रे काढण्यात त्यांचा हातखंडा. १९६८ साली ते गेले.

दिव्याच्या चित्रासाठी उभी राहिली ती त्यांचीच मुलगी, गीता. आणि चित्र तैलरंगात नाही, जलरंगात आहे. तैलरंगात चुकले तर वरून रंग देता येतो. जलरंगात उजेड दाखवायचा तर कागदाचा पांढरेपणाच राखून ठेवावा लागतो. एकदा रंग गेला की तो उजेड परत मिळत नाही. म्हणजे ती ज्योत मुलीने हाताने जपली, तशीच बापाने कागदावर जपली.

आपला तालुका पूर्वी सुपा म्हणून ओळखला जाई. काळी नदीवर धरण झाले, सुपा गाव पाण्याखाली गेले. पण धरणाला नाव राहिले म्हणून मुलांनाही ते ठाऊक आहे. हळदणकरांचे उलटे झाले. चित्र सर्वांसमोर आहे, नाव मात्र बुडाले.

आम्ही मराठी बोलणारी माणसे कर्नाटकात राहतो, नोकऱ्या करतो, मुलांना कन्नड शिकवतो. सावंतवाडीच्या माणसाचे काम मैसूरने इतक्या मानाने सांभाळले, याचा आम्हाला आनंद आहे. आता नाव सांभाळणे आपल्याकडे. शिक्षकांना आणि पालकांना एवढीच विनंती, की पुढच्या वेळी मुले मैसूरला निघतील तेव्हा त्यांच्या वहीत एक ओळ लिहून द्या : चित्रकार, सा. ल. हळदणकर, सावंतवाडी.

गणपती बाप्पा मोरया!