आयोवातील मॅडिसन काउंटी



अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील आयोवा राज्यात मॅडिसन नावाची एक काउंटी आहे. काउंटी म्हणजे साधारणतः आपल्या तालुक्यासारखा विभाग. मका व सोयाबीन पिकविणारा हा शेतकरी मुलूख; विंटरसेट हे त्याचे मुख्य ठाणे. प्रवासी येथे येतात ते विशेषेकरून छपराचे लाकडी पूल पाहण्यास. पुलाच्या तळाची अवजड लाकडे महाग, छपराच्या फळ्या त्या मानाने स्वस्त. म्हणून पावसापासून रक्षणार्थ पुलांवर छप्पर घालीत. अशा १९ पुलांपैकी ६ आज उरले आहेत. सीडार पूल २००२ व २०१७ साली जळाला. दोन्ही वेळा तो पुन्हा उभारण्यात आला. नट जॉन वेन यांचा जन्मही १९०७ साली विंटरसेट येथेच झाला.

परंतु आम्हांस या मुलखाच्या दोन निराळ्या कथा अधिक मोलाच्या वाटतात. येथील जेसी हायट या शेतकऱ्याच्या बागेत सफरचंदाचे एक रोप ओळ सोडून उगवले. त्यांनी ते तोडले. ते पुन्हा फुटले. अखेर त्यांनी त्यास वाढू दिले, असे सांगतात. त्याच झाडाचे फळ पुढे ‘डेलिशस’ या नावाने जगभर गेले.

दुसरी कथा एका कृष्णवर्णीय तरुणाची. कॅन्सासमधील एका महाविद्यालयाने पत्राने दिलेला प्रवेश, त्याचा वर्ण पाहताच नाकारला होता. पुढे तो विंटरसेटला येऊन आचाऱ्याचे व कपडे धुण्याचे काम करू लागला. तेथील मिलहॉलंड या गोऱ्या दांपत्याने त्यास घरी बोलाविले आणि पुन्हा शिकण्याचा आग्रह धरिला. १८९० साली तो इंडियानोला येथील सिम्पसन महाविद्यालयात दाखल झाला. तोच पुढील काळातील थोर कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर. वीणा गवाणकर यांच्या ‘एक होता कार्व्हर’ या १९८१ च्या ग्रंथामुळे तो आपल्या घरोघरी परिचित आहे.

आपला संघ ज्ञातीतील विद्यार्थ्यांस साहाय्य करितो, हे भूषणावहच होय. परंतु कार्व्हर त्या दांपत्याचा ना नात्याचा होता, ना वर्णाचा. आपल्या विद्यार्थी-निधीतून दरवर्षी ज्ञातीबाहेरील एका तरी होतकरू मुलास वा मुलीस साहाय्य मिळावे, अशी आमची नम्र सूचना आहे. तीमुळे आपल्या मुलांचा वाटा थोडा कमी होईल, हे आम्ही जाणतो. तरीही कार्यकारी मंडळाने तिचा विचार करावा, इतकी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.