कडू सालीची राखण



'किनोआ पौष्टिक असतो म्हणतात, मग आपल्या वसतिगृहातल्या मुलांना का देऊ नये?' असे आपल्यापैकी काहींनी मला विचारले. त्याविषयी थोडे बोलतो.

किनोआ हे दक्षिण अमेरिकेच्या अँडीज पर्वतातील केचुआ व आयमारा आदिवासींचे हजारो वर्षांचे अन्न. त्याच्या सालीत सॅपोनिन असते. आपल्या रिठ्यात, शिकेकाईत असते त्याच जातीचे द्रव्य. म्हणून दाणे धुताना फेस येतो. कडूपणामुळे पाखरे पिकाला सहसा तोंड लावत नाहीत. सॅपोनिन पेशींच्या आवरणातील कोलेस्टेरॉलला चिकटून भोके पाडते. ते पाण्यात उतरले तर मासे, गोगलगायी मरतात. माणसाच्या आतड्यातून ते रक्तात फारसे जात नाही. तरी न धुतलेला दाणा पोटाला बाधू शकतो. तिकडच्या बाया दाणे चोळून, पुन्हापुन्हा धुऊन ते काढतात.

कडूपणा नसलेली गोड वाणेही आहेत, पण त्यांच्यावर पाखरांची धाड अधिक. पीक राखावे की धुण्याचे कष्ट वाचवावेत, ही निवड पेरणाऱ्याचीच असावी.

संयुक्त राष्ट्रांनी २०१३ हे किनोआ वर्ष म्हणून पाळले. त्याच्या कितीतरी आधी हे ज्ञान त्या बायांच्या हातात होते. आपल्या पाड्यांवरच्या बायाही कडू कंद उकळून, पाण्यात ठेवून खाण्याजोगे करतातच ना?

म्हणून माझे उत्तर असे: किनोआ दिलात तर फेस थांबेपर्यंत धुऊन शिजवू. पण मुलांच्या ताटात पहिला मान पाड्यावरच्या नाचणी-वरईला देऊ, आणि ती त्यांच्याच आईबापांकडून रास्त भावाने विकत घेऊ.