आधी छप्पर

आजच्या भाषणाचा विषय ‘अमेरिकेतलं एक रेल्वे संग्रहालय’ असा जाहीर झाला आहे. तो खरा आहे, पण मला बोलायचं आहे छपराविषयी. मिनिटं मोजकी मिळाली आहेत, म्हणून मुद्दा सुरुवातीलाच सांगून मोकळा होतो. जुनी वस्तू टिकवायची असेल तर पहिला पैसा तिच्या डोक्यावरच्या छपराला लावा. रंग, पॉलिश, पितळेची पाटी, फीत, पाहुणे हे सगळं मागाहून. एवढं ऐकून कुणाला रेडिओ बंद करून आंबे पिळायला बसायचं असेल तर माझी हरकत नाही.

बाकीच्यांसाठी पुढे बोलतो.

शिकागोपासून वायव्येला साधारण नव्वद किलोमीटरवर युनियन नावाचं गाव आहे. नाव मोठं, गाव आपल्याकडच्या वाडीएवढं. चहूकडे मका आणि सोयाबीन. लेकीकडे मुक्कामाला होतो. एका रविवारी जावई म्हणाले, “बाबा, उंच इमारती बघून तुमची मान अवघडली असेल. चला, काहीतरी लाकडी दाखवतो.” मला वाटलं, जुनी चर्च-बिर्च असेल. मक्याची शेतं संपतात तिथे एकदम खांब दिसले, खांबांवर ट्रामची तार दिसली, आणि त्या तारेखालून ठणठण घंटा वाजवत एक ट्राम शेताकडे निघाली. इकडे गाव नाही, बाजार नाही आणि ट्राम कुठे चालली आहे? हे इलिनॉय रेल्वे म्युझियम. अमेरिकेतल्या मोठ्यात मोठ्या रेल्वे संग्रहालयांपैकी एक, आणि ते चालवणारी बहुतेक माणसं बिनपगारी.

त्याची सुरुवात ऐकण्यासारखी आहे. 1953 साली दहाजणांनी प्रत्येकी शंभर डॉलर काढले आणि इंडियाना रेलरोडची 65 क्रमांकाची विजेची गाडी भंगारात जाण्यापासून वाचवली. गाडी 1931 सालची. हजार डॉलरची वर्गणी, गाडी एक, आणि ती ठेवायला स्वतःची जागा नाही! शिकागोच्या उत्तरेला एका ओतकामाच्या कारखान्याच्या आवारात ती उभी राहिली. मग दुसरी आली, तिसरी आली. त्या काळात शिकागोच्या आसपासच्या विजेच्या गाड्या एकामागून एक बंद पडत होत्या, त्यामुळे वाचवायला गाड्यांचा तोटा नव्हता. शिकागो, अरोरा अँड एल्गिन या कंपनीची प्रवासी वाहतूक तर 3 जुलै 1957 ला भर दुपारी बंद झाली. सकाळी तिच्या गाडीने कामाला गेलेली माणसं संध्याकाळी घरी कशी परतणार, याचा विचार कुणी केला नाही. शहरातल्या ट्राम 1958 साली गेल्या. शिकागो ते मिलवॉकी धावणारी नॉर्थ शोअर लाइन 1963 च्या जानेवारीत थांबली.

1964 साली कारखान्याच्या आवारातून हा सगळा पसारा उचलून युनियनला आणला. तिथे एका जुन्या विजेच्या रेल्वेचा रुळाविना उरलेला रस्ता होता. 1930 साली ती बंद पडली आणि तिचे रूळ उखडून गेले. या मंडळींनी त्यावर स्वतः स्लीपर टाकले, रूळ ठोकले, खांब उभे केले, तार ओढली. आपल्याकडच्या श्रोत्यांना 1964 सालाची वेगळी आठवण असेल. 31 मार्च 1964 ला मुंबईची शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली. आपण जे मोडीत काढलं तेच तिकडचे लोक त्याच वर्षी शेतात नेत होते. हे मी टोमणा म्हणून सांगत नाही. म्हणजे, थोडासा टोमणा आहेच.

पण, आणि आता माझ्या मुद्द्यावर येतो, युनियनला गाड्या आल्या त्या उघड्यावर आल्या. वर छप्पर नाही. इलिनॉयचा हिवाळा म्हणजे बर्फ, उन्हाळ्यात वादळी पाऊस. मधल्या काळात बर्फ वितळतं, पाणी फटीत शिरतं, रात्री गोठून फुगतं आणि फट रुंदावते. गाडी भंगारवाल्याच्या हातून वाचली खरी, पण पावसाच्या हाती सापडली. भंगारवाला एका दिवसात मोडतो, पाऊस वीस वर्षं मोडत बसतो. फरक तेवढाच.

कोकणातल्या श्रोत्यांना हे समजावून सांगायला नको. दर वर्षी याच दिवसांत आपण काय करतो? शाकारणी. वैशाखाच्या उन्हात छपरावर चढायचं, कौलं चाळायची, फुटकी काढायची, आढ्यावरचे कोने बसवायचे, वाश्याला वाळवी लागली का बघायचं. घरात लग्न असो नाहीतर गणपतीत पाहुणे यायचे असोत, भिंतीला चुना मागाहून, आधी शाकारणी. एक कौल सरकलं की पाणी रिपेवर येतं, रिपेवरून वाश्यावर, वाश्याच्या टोकातून भिंतीवरच्या पाटावर, आणि शेवटी खांबाच्या बुडाशी. वर दिसतो हातभर ओलावा. कुजतो मात्र खांब.

लाकडी डबा म्हणजे अगदी हेच कौलारू घर. फरक इतकाच, की त्याला चाकं आहेत. त्याचं छप्पर फळ्यांचं असतं. फळ्यांवर दाट रंगाचा थर देऊन त्यात कॅनव्हास ताणून बसवतात, कडेने बारीक चुका मारतात आणि वरून रंगाचे हात देतात. ही त्याची कौलं. जुन्या डब्यांना मध्ये लांबलचक उंचवटा असतो आणि त्याला दोन्ही बाजूंनी छोट्या खिडक्या, उजेडाला आणि वाऱ्याला. ते त्याचं आढं, आणि गळतीची जागाही तीच. कॅनव्हासला भेग पडली की पाणी फळीत, फळीतून कमानीसारख्या वाकवलेल्या वाश्यांत, तिथून खिडक्यांमधल्या खांबांत, आणि खांब ज्या लांब तुळईत ठोकून बसवलेले असतात त्या तुळईत. घराचं जोतं दगडाचं असतं, म्हणून आपण वाचतो. डब्याचं जोतंही लाकडाचंच असतं! ती तुळई कुजली की खालच्या लोखंडी ताणसळ्या कितीही आवळा, डब्याची टोकं खाली झुकायला लागतात. मग बाहेरून कितीही झकास रंग द्या, म्हाताऱ्याला जरीची टोपी घातल्यासारखा... नाही, ते राहू दे. घराचंच उदाहरण पुरे.

तिथल्या सुतारशाळेत असाच एक डबा सोलून ठेवलेला पाहिला. सोलूनच म्हणायला हवं, बाहेरच्या सगळ्या पट्ट्या उतरवल्या होत्या. एक निवृत्त गृहस्थ, वय माझ्याच आसपास, खांबाचं कुजलेलं बूड कापून तिथे नवं लाकूड सांधत होते. पूर्ण खांब नवा का नाही घालत, असं मी विचारलं. ते म्हणाले, वरचा भाग चांगला आहे, आणि चांगला आहे तो जुनाच ठेवायचा. पलीकडे एक बाई काचकागदाने एकेक थर घासून मूळ रंग शोधत होत्या. वरून हिरवा, त्याखाली तपकिरी, त्याखाली लाल, आणि प्रत्येक थराची नोंद वहीत. त्या गृहस्थांना मी विचारलं, हा डबा एवढा खराब कसा झाला? त्यांनी छताकडे बोट केलं आणि म्हणाले, “हे छप्पर उशिरा आलं.”

हेच मी सांगतो आहे!

आता त्यांच्याकडे दहापेक्षा जास्त लांबच लांब शेडा आहेत. शेतावरच्या गोठ्यांना तिकडे बार्न म्हणतात, तेच नाव यांना. बाहेरून पत्र्याच्या, दिसायला अगदी कंटाळवाण्या. फोटो काढावा असं काही नाही. पण आत शिरलं की रुळांच्या रांगाच रांगा, आणि त्यावर 1902 साली बांधलेल्या लाकडी गाडीपासून 1936 च्या स्टेनलेस स्टीलच्या नेब्रास्का झेफिरपर्यंत सगळं घराणं. त्या झेफिरच्या डब्यांना व्हीनस, मिनर्व्हा, जूनो अशी देवतांची नावं आहेत. स्टेनलेस स्टील गंजत नाही म्हणून देवींना उन्हात ठेवलेलं नाही, त्याही छपराखालीच. 1941 ची इलेक्ट्रोलायनर तिथे आहे. ती शिकागो-मिलवॉकी धावायची, आणि तिच्या उपाहाराच्या डब्यात इलेक्ट्रोबर्गर नावाचा पदार्थ मिळायचा. पुढे ती फिलाडेल्फियाला नांदायला गेली आणि कालांतराने माहेरी परत आली. तिची दुरुस्ती देणग्यांवर किती वर्षं चालली, ती एक स्वतंत्र कथा आहे. संग्रहालयाचं स्टेशनसुद्धा 1851 सालचं, शेजारच्या मरेंगो गावाहून उचलून आणलेलं. म्हणजे आपली पहिली गाडी 1853 साली बोरीबंदरहून ठाण्याला निघाली, त्याच्या दोन वर्षं आधीचं. ते तिकीटघर... नको, त्यात शिरलो तर छप्पर राहील.

एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे, कारण माझा मुद्दा तिच्याइतका पक्का दुसऱ्या कशाने होत नाही. अमेरिकेत आणि इंग्लंडातही जुने डबे मोडीत निघाले तेव्हा कितीतरी लोकांनी चाकांशिवाय नुसते सांगाडे विकत घेतले. कुणी त्यात कोंबड्या ठेवल्या, कुणी खाणावळ काढली, कुणी संसार थाटला. पुढे संसार वाढला तशा खोल्या वाढल्या, आणि डबा पार घराच्या पोटात गेला. पन्नास-साठ वर्षांनी घर पाडायची वेळ येते, मजूर भिंतीचा गिलावा काढतात, आणि आतून खिडक्यांची रांग दिसते, पाटीवर गाडीचा क्रमांक दिसतो. मग संग्रहालयाला फोन. आणि असे डबे पुष्कळदा सगळ्यात उत्तम स्थितीत सापडतात! का? त्यांना कुणी वारसा म्हणून जपलं नव्हतं. त्यांत कुणीतरी पोरंबाळं वाढवली होती आणि चुली पेटवल्या होत्या, पण वर घराचं छप्पर होतं. याउलट ‘ऐतिहासिक ठेवा’ म्हणून बागेत उभे केलेले डबे कुजून गेले. सन्मानापेक्षा छप्पर बरं. लिहून ठेवा.

आपल्याकडे? नाव घेत नाही, पण एका स्टेशनासमोर छोट्या रुळाचं इंजिन चौथऱ्यावर ठेवलं आहे. दर वर्षी त्याला काळा रंग आणि लाल पट्टा. मी जवळ जाऊन टाकीखाली बोट फिरवलं तर पोपडा निघून आला, बोट जवळजवळ आत गेलं. वर आकाश, आणि खाली चौथऱ्यावर साठलेलं पाणी. रंग दरसाल मंजूर होतो, चार खांब आणि पत्रे कधीच मंजूर होत नाहीत. रंगाचा फोटो येतो, पत्र्याचा येत नाही.

आणि हे इंजिनाचं झालं. इंजिनावर सगळ्यांचा जीव असतो. डब्याचं काय? बार्शी लाइट रेल्वे 1897 साली सुरू झाली, 1906 साली पंढरपूरला पोचली. किती वारकरी त्या अडीच फुटी रुळाच्या गाडीतून विठोबाला गेले असतील! ते इंजिनात बसून नाही गेले, डब्यात बसून गेले. माणसं डब्यात बसतात, डब्यात भांडतात, भाकरी सोडतात, खिडकीशी झोपतात. चौथऱ्यावर चढायचा मान मात्र इंजिनाला. याचं कारण माझ्या मते असं आहे की... वेळ बघतो... हो, हे पुन्हा कधीतरी.

मला तिथल्या माणसांविषयी आणखी बोलायचं होतं. नियमांची परीक्षा दिल्याशिवाय तिथे कुणाला गाडी हाकू देत नाहीत, मग तो कितीही जुना स्वयंसेवक असो. शनिवारी-रविवारी कुणी तिकिटं फाडतं, कुणी रुळालगतचं गवत कापतं, आणि दोन्ही कामं एकच माणूस करताना दिसतो. आपल्याकडेही दर रविवारी गडावर जाऊन टाकी उपसणारी, माती वाहणारी मुलं आहेतच. हौसेची, अंगमेहनतीची आपल्याकडे वाण नाही. म्हणून त्याच मुलांना माझं सांगणं आहे, कुठे जुना डबा, जुनी ट्राम, एसटीची पहिल्या पिढीतली गाडी हाती लागली तर ब्रश घेऊन धावू नका. आधी वर्गणी काढा ती पत्र्यासाठी. तिसऱ्यांदा सांगतो आहे का? असेन. चौथ्यांदाही सांगेन.

काचेपलीकडून बोटं दाखवतायत, म्हणजे दोन मिनिटं उरली. युनियनला ट्रॉलीबसही धावतात, ते राहिलंच. शिकागोच्या ट्रॉलीबस 1973 साली बंद झाल्या, त्यांतल्या काही... जाऊ दे. कामाचं सांगतो. शेडला पैसे नाहीत आणि पाऊस तोंडावर आहे, असं असेल तर या वर्षापुरती ताडपत्री चालेल. पण ताडपत्री डब्याला चिकटवून घट्ट बांधू नका. आतला दमटपणा कोंडतो आणि लाकूड उघड्यावर कुजलं नसतं इतक्या वेगाने आत कुजतं. आधी बांबूच्या कमानी उभ्या करा, डब्यापासून हातभर उंच. मग त्यावर ताडपत्री, दोन्ही टोकं मोकळी, वारा आरपार जाईल अशी. दोऱ्या डब्याला बांधायच्या नाहीत, जमिनीत मेखा मारून बांधायच्या. मेखा मारताना एक लक्षात ठेवा, उतार ज्या बाजूला असेल त्याच्या वरच्या अंगाला आधी चर खणायचा, नाहीतर पाणी सरळ चाकांखाली, आणि चर किती खोल, तर साधारण... बरं, बरं. झाली वेळ.