डोंगरउतारावरील पड जमिनीची खरेदी



मुळशी, जावळी, पाटण, पोलादपूर या तालुक्यांतील डोंगरी गावांत श्रावण-भाद्रपदात शहरातून येणाऱ्या मोटारींची वर्दळ वाढते. डोंगर हिरवागार असतो, ओढे खळाळत असतात. अशा वेळी दाखविलेली पड जमीन पाहुण्याच्या मनात भरली नाही तरच नवल. संध्याकाळपर्यंत इसारही दिला जातो. वस्तुतः डोंगरातील जमीन पाहावी ती वैशाखात. महाबळेश्वरी वर्षाकाठी सरासरी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तथापि काळ्या कातळावरून तो वाहून जातो आणि घाटमाथ्यावरील अनेक वाड्यांना उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी डोंगर उतरावा लागतो. जेथे गावालाच पाणी नाही, तेथे नव्या बंगल्याला ते कोठून मिळणार, हा प्रश्न इसाराच्या आधी विचारावयाचा आहे.

दुसरा प्रश्न उताराचा. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गेले व दीडशेहून अधिक माणसे दगावली. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी यांवरही तोच प्रसंग ओढवला. या वस्त्या पिढ्यान्पिढ्यांच्या होत्या. नवा खरेदीदार तर येताच यंत्राने उताराचा पायथा कापून सपाटी काढतो. त्या कापणीचा धोका त्याच्या बंगल्यापुरता राहत नाही, खालच्या वाडीलाही तो पोचतो. खचलेला बांध, तिरपी झालेली झाडे, जमिनीला गेलेल्या भेगा ही लक्षणे गावातील म्हाताऱ्या माणसांना बरोबर ठाऊक असतात. त्यांना विचारण्यास फी पडत नाही.

आता कागदाकडे वळू. शेतजमीन कोणालाही विकत घेता येते, हा शहरी समज चुकीचा आहे. १९४८ च्या कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाच्या कलम ६३ अन्वये, शेतकरी नसलेल्या व्यक्तीस जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून ती घेता येत नाही. जमीन पड आहे, तीवर नांगर फिरलेला नाही, म्हणून ती बिनशेती ठरत नाही. अकोले, जुन्नर, आंबेगाव, जव्हार, मोखाडा या भागांत आदिवासी खातेदार पुष्कळ आहेत. त्यांची जमीन बिगर-आदिवासीला विकावयाची झाल्यास जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी व तीस शासनाची मान्यता लागते. ही अट मुखत्यारपत्राच्या आडवाटेने चुकविणारे दलाल भेटतात. असा व्यवहार टिकत नाही.

सातबारा उताऱ्यावर मालकाचे नाव वाचून समाधान मानू नये. त्याखाली भोगवटादार वर्ग १ आहे की वर्ग २, हे पाहावे. वर्ग २ च्या जमिनीच्या हस्तांतरणावर निर्बंध असतात. कुळकायद्याने मिळालेल्या जमिनीस दहा वर्षे झाली असल्यास २०१४ च्या दुरुस्तीनुसार आकाराच्या ४० पट नजराणा भरून ती विकता येते. ‘इतर हक्क’ या रकान्यात सोसायटीचा बोजा, कुळाचे नाव, पाण्याचा वा वाटेचा हक्क दडलेला असतो. डोंगरी गटांच्या बाबतीत वनाची नोंद हा विशेष धोका होय. १९७५ च्या खाजगी वने संपादन अधिनियमान्वये ३० ऑगस्ट १९७५ रोजी खाजगी वने शासनाकडे निहित झाली. सबब जुने फेरफार मागे मागे जाऊन तपासणे भाग आहे. पोटखराबा किती, हेही पाहावे. एक हेक्टर म्हणून विकलेल्या गटात कडा आणि नाला यांचेच क्षेत्र अधिक, असेही निघते.

मात्र सर्वांत अधिक खटले वारसांवरून होतात, असे महसूल कचेरीत वावरणारा कोणीही सांगेल. या डोंगरपट्ट्यातील घरटी एक माणूस गिरणीत वा गोदीत मुंबईला गेलेला. आजोबांच्या नावचा गट कागदोपत्री तसाच, आणि वारस लालबागेपासून डोंबिवलीपर्यंत पांगलेले. गावी राहिलेला धाकटा भाऊ प्रामाणिकपणे जमीन आपली समजतो, कारण कसतो तोच. परंतु चुलते, चुलत भाऊ आणि, २००५ च्या हिंदू उत्तराधिकार दुरुस्तीनंतर मुलग्यांइतक्याच समान हक्काच्या मुली, यांच्या सह्यांवाचून वडिलोपार्जित जमिनीचे खरेदीखत लंगडे राहते. एका आत्याची सही राहिली म्हणून दहा वर्षे दावा चालतो व भावकीतील बोलणे बंद होते ते निराळेच.

‘पाच गुंठ्यांचा डोंगरी प्लॉट’ अशा जाहिरातींबद्दलही दोन शब्द. २०२३ मध्ये राज्याच्या बहुतेक ग्रामीण भागांत प्रमाणभूत क्षेत्र बागायतीस १० व जिरायतीस २० गुंठे ठरविण्यात आले. त्याहून लहान तुकडा सामाईक नावांवर विकला जातो तेव्हा खरेदीदाराच्या हाती स्वतंत्र हद्द येत नाही, हिस्सा तेवढा येतो. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून व माथेरान २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. तेथे बांधकामावर अधिक कडक बंधने आहेत.

वाट हा डोंगरातला जुना तंटा. शेजाऱ्याच्या सौजन्याने चालू असलेली पायवाट मालक बदलताच बंद होऊ शकते. वहिवाटीची वाट अडविल्यास १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदारांकडे दाद मागता येते, बांधावरून नवी वाट मागण्याचीही महसूल अधिनियमात सोय आहे. तरी खरेदीपूर्वी भूमी अभिलेख कार्यालयाकडून हद्द कायम मोजणी करून घेणे स्वस्त पडते. नोंदणीनंतर तलाठ्यांकडे, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, फेरफार धरला जातो. हरकतीसाठी नोटीस निघते आणि मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद प्रमाणित केल्यावरच नाव लागते.

विकणाऱ्याचाही विचार झाला पाहिजे. सर्व गट विकून टाकल्यास पुढे शेतजमीन घेताना शेतकरी म्हणून दाखविण्यास त्याच्यापाशी उताराच उरत नाही. मुंबईहून परतणाऱ्या भावाला टेकायला जागा राहत नाही. विकावयाचेच असेल तर घराशेजारचा भाग खरेदीखतापूर्वी मोजून वेगळा करावा. तो तुकडाही प्रमाणभूत क्षेत्राहून लहान होता कामा नये. पाणवठ्याकडे व देवाच्या राईकडे जाणारी वाट चतुःसीमेत स्पष्ट लिहून घ्यावी, आणि कागद वाचून दाखविल्यावाचून अंगठा उमटवू नये.