होळचे होळकर

इंदूरच्या राजवाड्यासमोर उभं राहिलं की होळकर हे नाव इथल्याच मातीतलं वाटतं. मूळ मात्र नीरा नदीकाठच्या होळ गावात. घराण्याचे संस्थापक मल्हारराव यांचा जन्म १६९३चा, धनगर घरातला. वडील खंडोजी लवकर गेले. आई पोराला घेऊन खानदेशात तळोद्याला आली, भावाकडे, भोजराज बारगळांकडे. मल्हारराव मामाच्या घरी वाढले, नाव मात्र होळचंच लागलं. साहजिकच आहे, होळातच राहणाऱ्याला ‘होळकर’ कोण म्हणणार?

पुढे पेशव्यांच्या फौजेबरोबर हे नाव नर्मदा ओलांडून माळव्यात शिरलं. मल्हाररावांच्या सूनबाई अहिल्याबाईंचा कारभार महेश्वराहून चाले. १८१८च्या मंदसौर तहानंतर इंदूर राजधानी झालं. दरबारामागोमाग दक्षिणेतली कितीतरी मराठी घराणी इथली झाली. किबे त्यांतलेच; त्यांचा किबेवाडा आपल्याला ठाऊक आहेच.

आणि गंमत बघा, गावावरून पडलेलं हे नाव शेवटी क्रिकेटच्या संघालाही मिळालं! सी. के. नायडूंच्या होळकर संघानं चारदा रणजी करंडक जिंकला. १९४५च्या अंतिम सामन्यात तर इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन होळकरांकडून खेळला, नाबाद २४९ धावा काढल्या; तरी सामना मुंबईनंच मारला.