पेशींची दवंडी



नवापूर म्हटले की २००६ चा फेब्रुवारी आठवतो. भारतात एच५एन१ विषाणू प्रथम आढळला तो आपल्याच जिल्ह्यातील या गावच्या कोंबड्यांत. लक्षावधी पक्षी मारून पुरावे लागले. २०२१ मध्ये बर्ड फ्लू तेथे पुन्हा आला.

नवल असे, की विषाणूशी पेशी कशी झुंजते याचा धागा कोंबडीच्या अंड्यातच सापडला. १९५७ साली लंडनमध्ये आयझॅक्स व लिंडेनमान यांनी अंड्यातील गर्भावरणाच्या तुकड्यांवर उष्णतेने निष्प्रभ केलेला इन्फ्लुएंझाचा विषाणू सोडला. पेशींनी एक द्रव्य बाहेर टाकले. त्या द्रव्यात ठेवलेल्या ताज्या तुकड्यांत जिवंत विषाणूची वाढ खुंटली. हेच इंटरफेरॉन.

मेलेल्या विषाणूत पेशी ओळखते तरी काय? १९६७ मध्ये अमेरिकेत हिलमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले, की विषाणूच हवा असे नाही. दुपदरी आरएनएचा धागा, मग तो प्रयोगशाळेत बनविलेला का असेना, पुरतो. निरोगी पेशीत असा लांब धागा सहसा नसतो. तो दिसला, की घरात चोर शिरला हे ती जाणते.

जिवंत इन्फ्लुएंझा मात्र लबाड! त्याचे एनएस१ हे प्रथिन पेशीची हाकच दाबून टाकते. पेशी दवंडी पिटते तेव्हा ती स्वतः वाचेलच असे नाही, पण शेजारी सावध होतात. खुराड्यात पक्षी पटापट मरू लागले, तर आपणही ते लपवू नये, वेळीच कळवावे. एवढे आपण पेशीपासून शिकलो तरी पुष्कळ झाले.